गेटवर 'उद्यापासून येऊ नको' सांगण्याआधी

छोट्या कारखान्याच्या मालकाला डोकेदुखी झालेला कामगार काढायचा म्हटलं की दोनच वाटा सुचतात. वॉचमनला सांगायचं, 'याला आत सोडू नको.' नाहीतर केबिनमध्ये बसवून राजीनाम्यावर सही घ्यायची. लेबर कोर्टात दोन्ही तोंडघशी पाडतात. पहिल्यात कारखान्याने आरोपांची करायची चौकशीच नसते. दुसऱ्यात 'दबाव टाकून सही घेतली' असं पत्र दोन दिवसांत हातात पडतं.

माणूस किती बेरकी होता यावरून केस सहसा हरत नाही. ती हरते चार्जशीटवरून, म्हणजे मालकाने कामगाराला दिलेल्या लेखी आरोपपत्रावरून.

'तुम्ही वरिष्ठांशी नेहमी उद्धटपणे वागता' ही कुरकुर झाली, आरोप नव्हे. तारीख, पाळी, जागा, शब्द, सगळं हवं: '12 तारखेला दुसऱ्या पाळीत साडेसहाच्या सुमारास प्रेस शॉपमध्ये सुपरवायझरांनी डाय बदलायला सांगितल्यावर तुम्ही "तूच बदल" म्हणून मशीन बंद केलंत आणि 40 मिनिटं जागेवर नव्हता.' शिवी दिली असेल तर ती जशीच्या तशी लिहा. टायपिस्टला लाज वाटते, म्हणून 'अर्वाच्य भाषा' असं लिहिलं जातं आणि उलटतपासणीत पहिलाच प्रश्न येतो, 'कोणती भाषा?' स्थायी आदेश (कारखान्याचे सेवानियम) लागू असतील तर त्यातलं कलम टाका. कामगाराला मराठी वाचता येत असेल तर चार्जशीट मराठीतच द्या. घ्यायला नकार दिला तर दोन साक्षीदारांच्या सह्यांनी तिथेच तसा शेरा मारा आणि त्याच दिवशी घरच्या पत्त्यावर पोहोचपावतीसह पोस्टाने पाठवा. व्हॉट्सॲपवर विसंबू नका.

आणि एक, याच घटनेबद्दल आधी वॉर्निंग लेटर देऊन बसला असाल तर विषय संपला. एका गुन्ह्याला दोन शिक्षा चालत नाहीत.

सस्पेंड केलंत तर निर्वाह भत्ता चुकवू नका: पहिले 90 दिवस निम्मा पगार, चौकशी कामगारामुळे रेंगाळली नसेल तर पुढे 75 टक्के. भत्ता थकला की 'पैशांअभावी चौकशीला येता आलं नाही' हा बचाव आपणच त्याच्या हातात देतो.

चौकशी अधिकारी तक्रारदार किंवा साक्षीदार नको. मालकाचा मेहुणाही नको, हे सांगावं लागतं! कामगाराला उलटतपासणी घेऊ द्या, रोजच्या कामकाजाच्या प्रत्येक पानावर त्याची सही घ्या आणि प्रत द्या. तो आलाच नाही तर पुढची तारीख लेखी कळवा. तरीही नाही आला तर एकतर्फी चालवा. इथे हमखास घोळ होतो. 'गैरहजर, सबब आरोप सिद्ध' असं लिहून फाइल बंद करतात. एकतर्फी चौकशीतही साक्षीदार तपासावेच लागतात, कागद दाखल करावेच लागतात.

अहवाल आल्यावर लगेच बडतर्फीचं पत्र टाइप करू नका. सुप्रीम कोर्टाच्या 1993 च्या निकालापासून अहवालाची प्रत देऊन त्याचं म्हणणं मागवणं बंधनकारक आहे. जुन्या मेमोंचा आधार शिक्षेसाठी घ्यायचा असेल तर तेही त्याच नोटिशीत नमूद करा. दहा वर्षं स्वच्छ रेकॉर्ड असलेल्याला एका डुलकीसाठी काढलंत तर चौकशी कितीही चोख असो, शिक्षा जास्त म्हणून कोर्ट ती बदलू शकतं.

काढल्यावर हिशेब कामाच्या दोन दिवसांत चुकता करा. ग्रॅच्युइटी मात्र 'बडतर्फ आहे ना' म्हणून परस्पर अडवू नका. मालाचं नुकसान केलं असेल तर तेवढीच रक्कम कापता येते, तीही त्याचं म्हणणं ऐकून आणि वेगळा लेखी आदेश काढून.