बॅकअप आहे ना?

"बॅकअप आहे ना?" हा प्रश्न माणूस दोनच वेळा विचारतो. एकदा लायसनच्या बिलावर सही करताना, आणि एकदा काहीतरी उडवून बसल्यावर. मधल्या काळात बॅकअप बघणारा माणूस जिवंत आहे की नाही याचीही कुणी चौकशी करत नाही. मला स्वतःला ते बरं वाटतं. अंधाऱ्या कोपऱ्यातली जागा, कुणाचा त्रास नाही, आणि रोज सकाळी सातला सॉफ्टवेअरकडून मेल: एकूण जॉब २१४, यशस्वी २१४. तो मेल मी सहा वर्षांत एकदाही वाचलेला नाही. नुसता रंग बघतो. हिरवा असला की दिवस चांगला.

त्या गुरुवारीही हिरवाच होता.

११ वाजून ४१ मिनिटांनी दोन खुर्च्या पलीकडून कुजबुज आली. "सर, बॅकअप आहे ना?"

बोलणारा आमचा डेव्हलपर. एरवी मला 'दादा' म्हणणारा हा मुलगा 'सर' म्हणाला तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

"काय केलंस?"

"काही नाही. एका ग्राहकाचा पत्ता बदलायचा होता."

"मग?"

"बदलला."

"मग?"

"सगळ्यांचाच बदलला."

अपडेटच्या ओळीत 'व्हेअर', म्हणजे नेमका कुणाचा बदलायचा ती अट, लिहायचं राहून गेलं होतं. त्यामुळे ११:३८ ला आमचे ४१ हजार ग्राहक बिऱ्हाडासकट एकाच फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिसरा मजला, लिफ्टशेजारी.

खरं सांगायचं तर मी घाबरलो नाही. उलट इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो उजाडला, असं वाटलं. "घाबरू नकोस," मी म्हटलं, आणि सावकाश खुर्ची सरकवली. सगळा डेटाबेस ११:३७ च्या स्थितीत टेस्ट सर्व्हरवर उभा करायचा, तिथून पत्त्याचा रकाना उचलायचा, इकडे चिकटवायचा. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी विझार्ड आहे. तारीख द्या, वेळ द्या, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. तोवर साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते.

"किती वेळ?"

"अर्धा तास."

हा अर्धा तास पुढे मला बरेच दिवस ऐकवण्यात आला.

पहिली अडचण टेस्ट सर्व्हरची. 'एजंटशी संपर्क होत नाही.' एजंट म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरचा त्या सर्व्हरवर बसवलेला हस्तक. मी पिंग केलं, उत्तर आलं. पोर्ट तपासला, उघडा. सर्व्हिस चालू. फायरवॉल बंद करून पाहिली, पुन्हा चालू केली, पुन्हा बंद केली. यातून काही होत नाही, पण हाताला काम राहतं. बॅकअप सॉफ्टवेअरचं निम्मं दुखणं नावांत असतं, हे मला ठाऊक असूनही आठवायला पाऊण तास गेला. सर्व्हरला एक घरातलं आखूड नाव असतं आणि एक शाळेच्या दाखल्यावरचं लांबलचक. आपण एका नावाने हाक मारतो, तो दुसऱ्या नावाने ओ देतो, आणि सॉफ्टवेअर म्हणतं, हा तो नव्हेच. शेवटी बॅकअप सर्व्हरवरची होस्ट्‌स फाइल उघडली. ती म्हणजे नावं आणि पत्ते यांची यादी. तिच्यात त्या लांबलचक नावापुढे भलताच, कधीच निवृत्त झालेला आयपी पत्ता होता आणि शेजारी टिपण: 'तात्पुरतं, नंतर काढणे'. साल २०१९. अक्षर ओळखायचा प्रश्न कॉम्प्युटरवर येत नाही हे किती चांगलं आहे. मी ती ओळ साहेबांच्या नजरेआड पुसली.

मग रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून परत चढवणं, सुरू झाला आणि शून्य टक्क्यांवर थांबला. वीस मिनिटं शून्य. चाळीस मिनिटं शून्य. याचं कारण अगदी सरळ आहे: डेटाबेस आधी डिस्कवर आपल्या आकाराएवढी फाइल करतो आणि ती शून्यांनी भरून घेतो. खोली आधी झाडून-पुसून घ्यायची, मग सामान आत आणायचं. पण खुर्चीमागे उभ्या असलेल्या साहेबांना "आत्ता तो शून्यं लिहितोय, म्हणून शून्य दिसतंय" हे सांगून बघा. साहेब म्हणाले, "म्हणजे काहीच होत नाहीये." मी म्हटलं, "नाही साहेब, काहीच नाही ते लिहिण्याचं काम चालू आहे." यानंतर ते केबिनमध्ये गेले.

दोनच्या सुमारास टक्के पळू लागले. शंभर झाले. आणि लाल अक्षरं आली: 'रिस्टोअर अयशस्वी. एक किंवा अधिक घटक रिस्टोअर होऊ शकले नाहीत.' एक की अधिक? कुठला घटक? त्या वाक्यात जेवढी माहिती होती तेवढी मला डेव्हलपरच्या चेहऱ्यावरूनही मिळाली असती.

सपोर्टला फोन लावला. सगळ्यात वरच्या दर्जाची तातडी, म्हणजे लगेच माणूस बोलतो. मुलगा फार गोड बोलत होता.

"सर, व्हर्जन काय आहे? सर, लॉग पाठवाल का?"

लॉगचं, म्हणजे सॉफ्टवेअरच्या रोजनिशीचं, गाठोडं बांधलं. तीन जीबी. त्यांच्या पोर्टलवर दोन जीबीच्या वर काही चढत नाही. तुकडे करून चढवलं. ते चढेपर्यंत त्याची पाळी संपली आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला ज्यांची सकाळ झाली होती त्यांच्याकडे केस गेली. नवा आवाज, तोच गोडवा. "सर, व्हर्जन काय आहे? सर, लॉग पाठवाल का?"

हा दुसरा मात्र चाळून बघणारा निघाला. "सर, एप्रिलमधल्या केसमध्ये आपण डेटाबेस सर्व्हरवर बारीकसारीक नोंदींचं डीबग लॉगिंग चालू केलं होतं. ते अजून चालूच दिसतंय." असेल, मी म्हटलं, त्याचं आत्ता काय? "काही नाही सर, नुसतं सांगितलं. तुम्ही नव्या व्हर्जनवर या. त्यात हे दुरुस्त केलेलं असावं." म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तो 'असावं' माझ्या कानात अजून आहे. मग त्याने, बहुधा फॉर्मवर रकाना होता म्हणून, विचारलं, "या डेटाबेसचा शेवटचा यशस्वी रिस्टोअर कधीचा आहे, सर?"

इथे लाइन तुटली. म्हणजे साहेबांना मी तसं सांगितलं.

मग मी स्वतःच लॉग वाचायला बसलो. चोवीस हजाराव्या ओळीच्या आसपास, सॉफ्टवेअरच्या सगळ्या कण्हण्याच्या मधोमध, डेटाबेसने स्वतः दिलेलं एक स्वच्छ वाक्य होतं. मथितार्थ असा: हा डिफरन्शियल बॅकअप चढवता येत नाही, कारण डेटाबेस त्याआधीच्या योग्य स्थितीत नाही.

आता हे जरा सांगायला हवं. आमच्याकडे रविवारी फुल बॅकअप होतो, म्हणजे अख्खा डेटाबेस. रोज रात्री अकराला डिफरन्शियल, म्हणजे शेवटच्या फुलनंतर जे बदललं तेवढंच. आणि दर पंधरा मिनिटांनी लॉग बॅकअप, म्हणजे तेवढ्या वेळात डेटाबेसमध्ये झालेल्या एकेका बदलाची नोंद. डिफरन्शियल म्हणजे मासिकातली क्रमशः कादंबरी: 'मागील भागावरून पुढे चालू'. मागचा भाग तुमच्याकडे असला तर गंमत, नसला तर नायक अचानक दवाखान्यात का आहे ते कळत नाही. मी रविवारचा भाग दिला होता. बुधवारचा डिफरन्शियल म्हणत होता, माझा मागचा भाग हा नव्हे.

डेटाबेसला आपल्या बॅकअपचा इतिहास तोंडपाठ असतो, कुणीही कुठूनही घेतलेला असो. विचारलं. यादी आली. रविवार फुल, सोमवार डिफरन्शियल, आणि मंगळवारी दुपारी ४:५२ ला आणखी एक फुल. घेणाऱ्याचं नाव शेजारीच लिहिलेलं. आमच्या किमती सॉफ्टवेअरच्या वहीत मात्र याची नोंद नाही, कारण तो त्याने घेतलाच नव्हता.

"मंगळवारी तू फुल बॅकअप घेतलास?"

"हो दादा." भीड चेपली होती, 'सर' गेलं होतं. "बदल करायच्या आधी घेतला. तुम्हीच म्हणाला होतात ना, कशालाही हात लावण्याआधी बॅकअप घेत जा."

म्हणालो होतो. ट्रेनिंगमध्ये, स्लाइडवर, ठळक अक्षरांत. फक्त एसक्यूएल सर्व्हरमध्ये असा वरचा बॅकअप घेताना 'कॉपी-ओन्ली'ची खूण करायची असते, नाहीतर पुढचे डिफरन्शियल त्यालाच आपला बाप मानतात, हे स्लाइडवर मावलं नव्हतं. मंगळवार आणि बुधवार रात्रीचे दोन्ही डिफरन्शियल आमच्या रविवारचे उरलेच नव्हते, आणि दोन्ही दिवशी सकाळचा मेल हिरवागार. त्या हिरव्या रंगाची तरी काय चूक? फाइल लिहिली गेली का, एवढंच त्याला विचारलेलं. ती लिहिली गेली होती.

"बरं, मग तुझीच फाइल दे. काम झालं!"

"डी ड्राइव्हवर आहे, टेम्प फोल्डरमध्ये."

नव्हती.

"मी तर डिलीट केली नाही," तो म्हणाला. "कोण करेल?"

आणि मला बुधवारची संध्याकाळ आठवली. डेटाबेस सर्व्हरची डिस्क ९६ टक्के भरल्याची सूचना. घरी जायची वेळ. टेम्प फोल्डरमध्ये 'टेस्ट_न्यू_२' नावाची १८० जीबीची एक बेवारस फाइल. मी ती शिफ्ट दाबून उडवली होती, म्हणजे कचऱ्याच्या डब्यातही थांबू दिली नव्हती. शिवाय स्वतःवर खूश होऊन दिवा मालवला होता. डिस्क कशाने भरली होती? एप्रिलपासून चालू राहिलेल्या त्या डीबग लॉगने.

"काहीतरी क्लीनअप झालं असेल," मी म्हटलं. वाक्यातून कर्ता वगळायची सोय मराठीने का ठेवली आहे, हे शाळेत कुणी इतकं नीट समजावलं नव्हतं.

वाट एकच उरली होती, लॉगची. एक बरं असतं: मध्येच कुणी फुल बॅकअप घेतला तरी लॉगची साखळी तुटत नाही. म्हणजे रविवारचा फुल, त्यावर सोमवार रात्रीचा डिफरन्शियल (तो अजून आमचाच होता), आणि त्यावर सोमवार रात्री ११:१५ पासून गुरुवार ११:४५ पर्यंतचे सगळे लॉग, एकामागून एक, एकही न गाळता. मोजले. २४३. शेवटचा लॉग अर्ध्यावर, बरोबर ११:३७ ला थांबवायचा. विझार्डला हे जमेना. त्याचा जीव त्या बुधवारच्या डिफरन्शियलवरच. हाताने स्क्रिप्ट लिहिली. पुन्हा शून्य टक्के. यावेळी साहेबांना बोलावलं नाही.

बुधवारच्या आधीचे शंभर लॉग टेपवर गेले होते. एलटीओ-८ च्या टेपमध्ये १२ टीबी मावतात आणि तिची फीत ९६० मीटर लांब असते. आमचे ते पंधरा-पंधरा मिनिटांचे लॉग इतर सर्व्हरांच्या डेटात मिसळून त्या फितीभर विखुरलेले. ड्राइव्ह पुढे जाई, चिमूटभर वाची, थांबे, मागे येई, पुन्हा पुढे. रात्री दहाच्या शांततेत तो आवाज ऐकत बसलो. डेव्हलपर घरी गेला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

वेळ जाईना म्हणून मी त्याला गिटलॅबची, म्हणजे प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीची, गोष्ट सांगितली. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका दमलेल्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. बॅकअप आणि रेप्लिकेशनच्या (म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर चालती नक्कल ठेवण्याच्या) पाच तऱ्हा होत्या, भरवशाची एकही निघाली नाही. एक तर कित्येक दिवस फसत होती, पण फसल्याचे मेल नाकारले जात होते, म्हणून सगळं आलबेल. पुढची दुरुस्ती त्यांनी यूट्यूबवर सगळ्या जगाला थेट दाखवली. साहेब एकटेच मागे उभे होते म्हणून मला घाम फुटला होता!

"मग वाचले कसे?"

"त्याच इंजिनिअरने सहा तास आधी, दुसऱ्याच कामासाठी, हाताने एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची नक्कल, घेऊन ठेवला होता."

"हाताने?" तो म्हणाला. "म्हणजे माझ्यासारखाच?"

"हो."

"पण त्यांचा कुणी उडवला नाही."

मी टेप बघायला उठलो.

रात्री २:२० ला दोनशे त्रेचाळिसावा लॉग चढला आणि डेटाबेस उघडला. ४१ हजार पत्ते, सगळे वेगवेगळे. इतके सुंदर पत्ते मी आयुष्यात वाचले नव्हते. गल्ल्या, मजले, 'देवळामागे', 'बेल वाजत नाही, हाक मारणे'. साडेतीनपर्यंत प्रत्येक ग्राहक आपापल्या घरी पोचला होता, आणि लिफ्टशेजारच्या त्या फ्लॅटमध्ये मूळचा एकटा उरला होता.

सकाळी सातला मेल आला. एकूण २१४, यशस्वी २१४.

दहाला घटनेचा फॉर्म भरायला बसलो. 'मूळ कारण' या रकान्यात पाच पर्याय असतात: हार्डवेअर, सॉफ्टवेअर, नेटवर्क, मानवी चूक, अन्य. 'मानवी चूक' निवडलं की खाली आणखी एक चौकट उघडते: 'व्यक्तीचं नाव'. मी ती दोनदा उघडून बंद केली आणि 'अन्य' निवडलं. 'उपाय' या रकान्यात लिहिलं: दर तीन महिन्यांनी प्रत्येक डेटाबेसचा चाचणी रिस्टोअर.

साहेबांनी वाचलं. मान हलवली. "कल्पना चांगली आहे. पण त्याला टेस्ट सर्व्हरवर डिस्क लागेल. तेवढी जागा आणणार कुठून?"

"जागा करतो मी, साहेब," मी म्हटलं.

दोन खुर्च्या पलीकडे डेव्हलपरने घाईघाईने आपल्या फोल्डरांची नावं बदलायला घेतली.