‘कापायचे १२० रुपये, वर माल निकृष्ट’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार आणि तीन तक्रारी: अर्धा तास ताटकळत ठेवलं, होज पाइप (आत टेफ्लॉनची नळी, वर स्टीलची जाळी) कापायचे १२० रुपये सांगितले म्हणजे लूट, आणि घरी कापल्यावर स्टीलची जाळी केरसुणीसारखी पिसारली म्हणजे माल निकृष्ट. थांबावं लागलं हे खरं आहे. एका पोकलेनवाल्याची होज क्रिम्पिंगवर (मशीनने दाबून टोकाचा जोड बसवायला) होती, त्याचं मशीन साइटवर बंद पडलं होतं. तरीही तुम्हाला बसायला सांगायला हवं होतं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण ‘लूट’ हा शब्द जिव्हारी लागला. भोसरीत होजची दुकानं कमी नाहीत. नवीन गिऱ्हाईक रिव्ह्यू बघूनच पायरी चढतं. म्हणून त्या १२० रुपयांचा हिशेब इथे सगळ्यांसमोर मांडतो.

रोलमधून तीन मीटर तोडून दिले, त्याचा एक रुपयाही आम्ही लावला नाही. कधीच लावत नाही. ते टोक वायररोप कटरने तोडलेलं असतं, थोडं दबलेलं असतं, आणि त्यावर फिटिंग (टोकाचा जोड) बसत नाही. तुम्हाला बाइकच्या ऑइल कूलरसाठी दोन लाइन करायच्या होत्या. दोन तुकडे म्हणजे चार टोकं, आणि प्रत्येक टोक फिटिंगसाठी तयार करून द्यायचे ३० रुपये. बिलावर हे ‘कटिंग’ एवढंच छापलेलं असतं, त्यामुळे नुसता एक घाव घालायचे ३० रुपये असं वाटू शकतं. प्रत्यक्षात त्यात काय काय येतं ते बघा.

मापाच्या खुणेवर इन्सुलेशन टेप ताणून दोन-तीन वेढे मारायची. होज शेगड्यात (बाकावरच्या लोखंडी पकडीत) नुसती आवळायची नाही. मधे अर्धगोल खाच पाडलेले लाकडाचे दोन ठोकळे घालून धरायची, म्हणजे आतली टेफ्लॉनची नळी दबत नाही. मग चार इंची ग्राइंडरला १ मिमीचं कटिंग व्हील लावून बरोबर टेपच्या मधोमध, काटकोनात काप घ्यायचा. व्हील दाबायचं नाही, त्याच्या वेगाने जाऊ द्यायचं. टेफ्लॉन फार तापलं तर विषारी धूर सोडतं, म्हणून दार-खिडकी उघडी, डोळ्याला गॉगल आणि हात हलका. मग नळीच्या तोंडावरची बर (कापताना राहिलेली खरखरीत कड) धारदार पात्याने काढायची आणि दुसऱ्या टोकाकडून कॉम्प्रेसरची हवा मारायची. हा शेवटचा भाग लोक सोडून देतात, आणि माझा सगळ्यात जास्त आग्रह त्याच्यावरच असतो. कापताना उडालेली स्टीलची भुकटी नळीत राहिली तर ती ऑइलबरोबर थेट इंजिनात जाते. बेअरिंगला ओरखडे पडल्यावर ३० रुपयांची आठवण कोण काढतो? व्हील झिजतं, टेप संपते, कॉम्प्रेसरला वीज लागते, माणूस गुंततो. यात नफा काय उरतो ते कुठल्याही वर्कशॉपवाल्याला विचारा.

आता जाळीबद्दल. ही जाळी बारीक तारांची असते, तारा एकमेकींच्या वरून-खालून तिरक्या विणलेल्या आणि ताणात असतात. तार तुटली की टोक बाहेर उसळणारच. ते उसळणं स्टीलच्या अंगातच आहे, मालाचा दोष नाही. तुम्ही स्वतःच लिहिलंय की घरातल्या एक्सॉ (हॅकसॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत) ब्लेडने कापलं. साध्या ब्लेडला इंचात १८ दाते असतात, म्हणजे दोन दात्यांत जवळजवळ दीड मिलिमीटरची फट. आपली तार त्याहून कितीतरी बारीक. दाता तिला कापायच्या आधी अडकवतो आणि ओढून बाहेर काढतो. घरी ग्राइंडर नसेल तर एक्सॉनेही जमतं, नाही असं नाही. पण ब्लेड ३२ दात्यांचं आणि नवं हवं, टेप घट्ट हवी, आणि घाई अजिबात नको.

तुमच्याच फोटोत जाळीवर शेगड्याच्या दातांचे ठसे दिसतायत. आतली पांढरी नळी गोल राहिलेली नाही, अंडाकृती झालीय, आणि काप तिरका गेलाय. अशा टोकावर फिटिंग बसणार कसं? या फिटिंगमधली पितळी रिंग नळीच्या वर पण जाळीच्या खाली सरकावी लागते. त्यासाठी जाळी बारीक स्क्रू ड्रायव्हरने चहूबाजूंनी हलकी उचलायची असते. नळीच दबली असेल तर रिंग चढत नाही. जोर करून चढवली तर तिथूनच गळती सुरू होते.

चुंबक लावून बघितलंत आणि ‘थोडं चिकटलं, म्हणजे खोटं स्टील’ असं लिहिलंत. आपली जाळी ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची आहे. ही तार थंड अवस्थेत ओढून बारीक करतात, त्या ताणाने तिच्यात थोडं चुंबकत्व येतं. त्यामुळे या तारेवर चुंबकाची परीक्षा चालत नाही. वाटल्यास जाळीचा तुकडा चाचणीसाठी लॅबमध्ये द्या. ३०४ नाही निघालं तर लॅबचा खर्च मी देईन आणि होजचे पूर्ण पैसेही परत करीन.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण राहवत नाही. काउंटरवरच्या मुलाला तुम्ही ‘अडाणी’ म्हटलंय. तो आयटीआय झालेला फिटर आहे. तुम्ही कटिंगला नको म्हणालात तेव्हा त्यानेच ‘साहेब, टेप गुंडाळल्याशिवाय कापू नका, ही घेऊन जा’ म्हणून टेपचं अर्धं रीळ पुढे केलं होतं. तुम्ही ‘माहितीय रे’ म्हणून निघालात. त्याने रिव्ह्यू वाचला आणि दिवसभर तो गप्प होता. माझ्याबद्दल हवं ते लिहा, तेवढा एक शब्द काढता आला तर बघा.

कापलेला माल परत घेत नाही हे बिलावर छापलेलं आहे, आणि तो नियम बदलता येणार नाही. कापलेली होज दुसऱ्या कोणाला विकताच येत नाही. कटिंगच्या दराचा बोर्ड मात्र लावून घेतोय. घरी काप कसा घ्यायचा याचा एक कागदही छापायचा विचार आहे, बघू कसं जमतं.

तुमचं काम अडून राहू नये म्हणून सांगतो. खराब टोकं पाठीमागे दोन-तीन इंच जाऊन नव्याने कापली की उरलेल्या होजमध्ये तुमच्या दोन्ही लाइन बसतील असं मापावरून वाटतं. होज आणि फिटिंग दोन्ही घेऊन या, चारही टोकं तयार करून देतो, त्याचे पैसे नकोत. आणि घरीच करणार असाल तर पहिलं फिटिंग बसवायच्या आधी दोन्ही नट होजवर ओवून, पाठीला पाठ लावून मधे सरकवून ठेवा. नंतर पिसारलेल्या टोकावरून नट चढवताना बोटं फाटतात. गुरुवारी दुकान बंद असतं. बाकी दिवशी दुपारी चारनंतर आलात तर ग्राइंडर मोकळा मिळेल आणि थांबावं लागणार नाही.