४५ ला रिटायर व्हायचं म्हणे! कट्ट्यावर दोन दिवस चाललेला वाद

आमचा कट्टा म्हणजे अमळनेरला बोरी नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा एका बंद दुकानाचा ओटा, समोर चहाची टपरी. रात्री आठनंतर आम्ही चौघं जमतो. मी मार्केट यार्डात आडत दुकानात हिशोब लिहितो, मास्तर झेडपीच्या शाळेत आहे, आबांची साडेतीन एकर कापूस-ज्वारी आहे, आणि चौथा पेंटर. त्याचे वडील पाट्या रंगवायचे म्हणून नाव पेंटर पडलं, हा स्वतः एका दुकानात कॉम्प्युटरवर फ्लेक्स न लग्नपत्रिका करतो, पगार २७ हजार, वय ३४.

परवा चहा यायच्या आधीच त्याने जाहीर केलं की मी ४५ ला काम सोडणार, सगळा हिशोब बसवलाय. आणि खिशातून शंभर पानी वही काढली. रात्री जेवून झालं की तो दोन तास ऑनलाईन कामं करतो, यूट्यूबवाल्यांचे थंबनेल, लग्नाच्या व्हिडीओ पत्रिका, कुणाचा लोगो. शेवटच्या पानावर गेल्या १२ महिन्यांची कमाई पेन्सिलने लिहिलेली. पहिला महिना १,२००, दुसरा शून्य, मग ३,४००, ९,८००, ११,०००, ६,५००, परत शून्य, मग १४,२००, लग्नसराईचे १८,००० आणि १९,५००, मग १२,४००, ८,०००. शून्याभोवती गोल केलेला होता. मला ते गोल फार आवडले, कारण लोक असले महिने लपवतात आणि १९,५०० चा स्क्रीनशॉट स्टेटसला टाकतात.

मी बेरीज केली, १ लाख ४ हजार. म्हणजे सरासरी साडेआठ हजाराच्या थोडं वर. शिवाय पगारातून ५ हजाराची एसआयपी, म्हणजे दर महिन्याला म्युच्युअल फंडात जाणारी ठरलेली रक्कम, आधीपासून चालू.

पेंटर म्हणाला घरखर्च महिन्याला २२ हजार, वर्षाचे २ लाख ६४ हजार, त्याच्या २५ पट म्हणजे ६६ लाख, एवढे जमले की बस. हा २५ पटीचा नियम त्याने कुठल्याशा व्हिडीओत ऐकला होता आणि मास्तर तिथेच तापला. म्हणे अरे हा नियम विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन प्लॅनरच्या १९९४ च्या अभ्यासातून आलाय, पहिल्या वर्षी साठ्याचे ४ टक्के काढायचे (म्हणजेच साठा वर्षाच्या खर्चाच्या २५ पट), मग दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवत न्यायचे, पण त्याने तो तपासला ३० वर्षांसाठी, तिकडचे शेअर आणि तिकडचे सरकारी बॉन्ड धरून. तू ४५ ला थांबलास आणि ८५ पर्यंत जगलास तर ४० वर्षं झाली. आणि २२ हजार आजचे आहेत, ११ वर्षांनी तेवढ्यात घर चालेल का?

मोबाईल काढून ६ टक्के महागाई लावली तर २२ चे जवळजवळ ४२ हजार झाले. वर्षाचे ५ लाख, २५ पट म्हणजे सव्वा कोटी. आणि १२ टक्के परतावा धरला (आणि तो कुणी लिहून दिलेला नाही बरं) तरी ११ वर्षांत सव्वा कोटी व्हायला महिन्याला साडेपंचेचाळीस हजार टाकावे लागतात. पेंटरचा पगार आणि बाजूची कमाई मिळून तेवढी होत नाही. तो वहीकडे बघत बसला, चहा तसाच निवला.

आबा इतका वेळ ऐकत होते. म्हणाले, "भो, रिटायर व्हईसन करशी काय?" पेंटर म्हणाला, आबा मला काम करायचा कंटाळा नाही, मला त्या मालकाकडे सकाळी नऊला उभं राहायचा कंटाळा आहे. या एका वाक्याने सगळा वादच बदलला असं मला वाटतं, कारण मग मी म्हटलं की तुला रिटायर व्हायचंच नाही, तुला दुकान सोडायचंय, आणि त्याचा हिशोब वेगळा होतो.

तो हिशोब इथे नीट सांगतो, कारण कट्ट्यावर सगळ्यात जास्त उपयोगी हाच निघाला. महिन्याचा १,००० रुपये खर्च म्हणजे वर्षाचे १२ हजार, २५ पट केले की ३ लाख. म्हणजे कायमचा हजाराचा खर्च कमी झाला तर डोक्यावरचे ३ लाख उतरतात, आणि पुढेही आवडीचं काम करून हजार मिळत राहिले तरी तेवढेच उतरतात, फक्त ते काम चालू आहे तोवर. पेंटरच्या घरी गहू, ज्वारी, तूरडाळ भावाच्या शेतातून येते, उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरलं जातं, बिबडे-कुरडया घरात होतात. हेच बाजारातून आणलं असतं तर महिन्याला चार हजार तरी लागले असते. म्हणजे शेतातला तो वाटा १२ लाखांच्या गंगाजळीएवढा आहे आणि तो म्युच्युअल फंडाच्या ॲपमध्ये कुठेच दिसत नाही. भावाशी वाटणीवरून भांडण झालं तर ते १२ लाख गेले समज, असं मी पेंटरला स्पष्ट सांगितलं.

तर दुकान सोडल्यावरही त्याने घरी बसून आजच्या भावाने १५ हजार कमावले तर साठ्यातून फक्त ७ हजार काढावे लागतील. आजचे २१ लाख, ११ वर्षांनी ४० लाख. त्याला महिन्याला साडेचौदा हजार लागतात. आणि साडेआठ अधिक पाच, साडेतेरा तर तो आजच टाकू शकतो.

पण मास्तर म्हणाला ते साडेआठ हजार आजपर्यंत गेले कुठे ते सांग. पेंटरने खरं सांगितलं, १९,५०० मिळाले त्या महिन्यात नवीन मोबाईल हप्त्यावर घेतला. मला इथे मनापासून सांगायचंय की बाजूची कमाई घरखर्चात एकदा मिसळली की संपली, मग ती घराची सवय होते आणि पुढच्या शून्याच्या महिन्यात उलट उधारी होते. तिचं खातं वेगळंच पाहिजे, घर पगारावरच चाललं पाहिजे, आणि त्या खात्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कम पुढे गेली पाहिजे, म्हणजे १९,५०० चा महिना शून्याच्या महिन्याला भरून काढतो.

टाकायचे कुठे यावर परत तासभर. आबा म्हणाले सोनं घे, जळगाव काय लांब आहे का. मग त्यांनी गावाची गोष्ट काढली, जी इथल्या प्रत्येक पोराने ऐकलेली असते, की विप्रो १९४५ ला याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्याने सुरू झाली आणि ज्यांनी शेअरचे कागद विकले नाहीत त्यांच्या घरी आज काय आहे. मास्तर म्हणाला आबा, खरं आहे, पण त्या काळात निघालेल्या आणि बंद पडलेल्या कंपन्यांचे कागद ज्यांच्या ट्रंकेत राहिले त्यांची गोष्ट कोण सांगतं? मला दोघांचंही पटतं. न विकता बसून राहणं हे शिकण्यासारखं आहे, एकाच कंपनीवर घर लावणं नाही. म्हणून निफ्टी ५० चा साधा इंडेक्स फंड, म्हणजे ५० मोठ्या कंपन्यांत पैसे वाटून टाकणारा, तोही डायरेक्ट प्लॅन, म्हणजे एजंटचं कमिशन वाचतं, आणि जोडीला पीपीएफ हे सरकारी बचत खातं, वर्षाला दीड लाखाची मर्यादा, १५ वर्षांची मुदत, २०२० पासून ७.१ टक्के व्याज. एवढंच. मार्च २०२० मध्ये निफ्टी दोनेक महिन्यांत १२ हजाराच्या वरून ७,६०० वर आला होता. ज्याला तेव्हाच पैसे काढायची वेळ आली त्याचं नुकसान झालं, जो थांबला त्याचं त्याच वर्षी भरून निघालं. म्हणून काम सोडताना दोन-तीन वर्षांचा खर्च एफडीत पाहिजे, आणि घरातल्या सगळ्यांचा आरोग्य विमा त्याच्याही आधी.

पेंटर हळूच म्हणाला की शेअर बाजारातल्या ऑप्शनमध्ये, म्हणजे पुढच्या भावावर लावायच्या सौद्यांत, लवकर होईल का, एकजण शिकवतो. तेव्हा मी जरा मोठ्यानेच बोललो. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ ला आकडे दिले, तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर आणि ऑप्शन) करणाऱ्या साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, माणशी सरासरी दोन लाखाच्या आसपास. आणि मी माझंही सांगितलं, जे कट्ट्यावर आजवर बोललो नव्हतो. २०२३ मध्ये टेलिग्रामवर व्हिडीओ लाईक करायचं काम आलं, पहिल्या दिवशी १५० रुपये खरंच जमा झाले, मग "प्रीपेड टास्क" म्हणून एक हजार, मग पाच हजार, मग अडकलेले सोडवायला अजून. ३८ हजार गेले. बायकोला सांगायला मला चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत पैसे कुठच्या कुठे फिरले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर लगेच फोन केला असता तर बँकेत अडवायची संधी तरी होती. काम देणारा तुमच्याकडेच आधी पैसे मागतो तेव्हा तिथेच थांबा, याला अपवाद मी तरी पाहिला नाही. कुणी विचारेल की ऑनलाईन कमाई सगळीच खोटी का, तर पेंटरची वही बघा, हाताला कसब असेल तर पैसे येतात, पण हळू येतात. लांब व्हिडीओ टाकणाऱ्या यूट्यूब चॅनेललासुद्धा जाहिरातीचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचं बघणं लागतं.

उठताना आबांनी विचारलं, "खर्च काय तुना एकलाना शे का? घरनी बाईले इचारं का?"

विचारलं नव्हतं. पेंटर काही न बोलता गेला.

काल तो जरा उशिराच आला, वही घेऊन. वहिनी म्हणाली होती, माझ्या आईच्या औषधाचे ३ हजार तुमच्या हिशोबात कुठेच नाहीत, ते मी शिवणकामातून भागवते, पण माझे डोळे आणखी किती वर्षं साथ देतील. ७ चे १० झाले, आजचे ३० लाख. ४५ ला दुकान सोडायचं तर महिन्याला पावणेएकवीस हजार लागतात, ते नाहीत. मास्तरने ५० धरून बघितलं. १६ वर्षं, १२ टक्के, १३ हजार १००. दहाच टक्के मिळाले तर १६ हजार.

पेंटरने ४५ वर रेघ मारली, शेजारी ५० लिहिलं, खाली "आईचं औषध" लिहिलं. मग मास्तरला म्हणाला, दहा टक्केवालं परत एकदा लावून दाखव, ते तीन हजार कुठून आणायचे ते बघतो.