ताशा वाजवा, पण आधी कान झाका

माझी लेक एकोणीस वर्षांची आहे, पथकात ताशा वाजवते. नदीपात्रात सराव सुरू झाला की आमच्याकडे रात्रीची जेवणं साडेदहाला होतात, आणि मला त्याचं कौतुकच आहे. त्यामुळे ही पोस्ट ढोल-ताशाच्या विरोधात आहे असं कृपया कोणी समजू नका.

परवा ती सरावाहून आली. सासूबाई म्हणाल्या, इस्त्रीवाल्याचे साठ रुपये काढून ठेव. ही म्हणते, "आजी, आठ रुपयांत कुठे इस्त्री होते?" तेही इतक्या मोठ्यानं, की आम्ही पलीकडच्या खोलीत बसलोय असं वाटावं. कानात कुईं वाजतंय म्हणाली. "सकाळपर्यंत जातं गं आई, सगळ्यांनाच होतं."

त्या "सगळ्यांनाच"नं माझ्या पोटात गोळा आला. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी जन्मतः एका कानात साधारण १५ हजार असतात, मोठ्या आवाजानं मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. आधी बारीक, उंच स्वर जातात. स, श, फ निसटतात, आणि साठचे आठ होतात. सकाळी बरं वाटतं, म्हणून मुलं निर्धास्त राहतात.

ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घेतली. ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे उंच स्वरांपाशी, आलेखाची रेघ खाली वाकलेली तिनं स्वतः पाहिली. तेव्हा कुठे गप्प झाली.

कानाला ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं! पुण्यात गणेश विसर्जनाला सीओईपी या अभियांत्रिकी विद्यापीठाचे विद्यार्थी लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत आवाज मोजतात, तिथे अनेकदा शंभरी ओलांडलेली असते. ताशा तर वाजवणाऱ्याच्या कमरेलाच असतो.

कापसाचे बोळे पुरत नाहीत. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवला तर उपयोग शून्य. ठोका चुकत नाही, लेकीनं वाजवून पाहिलंय.

पथकातल्या दादा-तायांनो, नावनोंदणीच्या वेळी ढोल वाजवायचं टिपरू हातात देता ना, तेव्हाच प्लगची जोडीही द्या. आणि ती घातल्याशिवाय सरावाला उभं करू नका. तुमचा शब्द ही पोरं आमच्यापेक्षा जास्त मानतात.

काल लेकीनं चार जोड्या जास्तीच्या नेल्या. तिघींनी घातल्या. एकीनं परत दिली, कापूसच बरा म्हणाली. आज पुन्हा तिच्यासाठी एक जोडी पाठवली आहे.