एकच जीबी?

लिफ्टमध्ये काल सहाव्या मजल्यावरच्या वहिनींनी माझं मनगट धरलं आणि दुखवट्यासाठी राखून ठेवलेल्या आवाजात म्हणाल्या, "कळलं गं सगळं. इंटरनेटवाल्यांनी फसवलं म्हणे तुम्हाला. गप्प बसू नका हं." खाली गेटवर इस्त्रीवाल्यानेही मान हलवली. "भाभी, पैसा वापस मिला क्या?" डोंबिवलीत एका बिल्डिंगमध्ये बातमी किती वेगाने पसरते याची टेस्ट कुणी घेत नाही, पण घेतली तर एक जीबीपीएसच्या वर नक्की निघेल.

मला कुणी फसवलेलं नाही. म्हणजे, ज्या अर्थाने बिल्डिंग म्हणतेय त्या अर्थाने नाही.

झालं एवढंच, की आमचं १०० एमबीपीएसचं (सेकंदाला शंभर मेगाबिटचं) कनेक्शन बरं चाललेलं असताना ह्यांना कंपनीतून फोन आला, ह्यांनी "एकदाच काय ते मोठं घेऊन टाकू" असं ठरवलं, चिरंजीवांनी "पिंग सुधारेल" (म्हणजे गेमचा सिग्नल सर्व्हरपर्यंत जाऊन लवकर परत येईल) म्हणून अनुमोदन दिलं, आणि घरात १ जीबीपीएस, म्हणजे हजार एमबीपीएस, आलं. महिन्याला ३,९९९ रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी धरला की ४,७१९. जाहिरातीत जीएसटी कायम तळाशी बारीक अक्षरात असतो, बिलात मात्र ठसठशीत.

फायबरची वायर आमच्याकडे लिफ्टच्या डक्टमधून येते आणि मुख्य दरवाजाच्या वरच्या भोकातून आत शिरते. "मॅडम, वायर इथपर्यंतच आहे," असं म्हणून वायर टाकायला आलेल्या मुलाने राउटर चपलांच्या कपाटावर ठेवला. तो अजून तिथेच आहे. त्यामुळे आमच्या घरातली सर्वांत वेगवान जागा म्हणजे चपलांचं कपाट. तिथे मोबाइलवर सहाशेच्या वर स्पीड दिसतो. हॉलमध्ये निम्मा. आणि माझं ऑफिस जिथे चालतं त्या आतल्या खोलीत, मध्ये विटांच्या दोन भिंती आणि सासूबाईंचं लोखंडी कपाट ओलांडून तीस-पस्तीस पोचतो, तोही मूडमध्ये असला तर. वायफायच्या ज्या ५ गिगाहर्ट्झ लहरींवर हा सगळा वेग असतो, त्याला भिंती आवडत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून जातो, पण मग तो वेग राहत नाही. हे फोनवर विकणारी मुलगी सांगत नाही. ती फक्त "मॅडम, सर आहेत का घरी?" विचारते. टेक्निकल गोष्ट आहे ना, सरच हवेत. सर त्या वेळी टीव्हीवर क्रिकेट बघत असतात आणि त्यांना राउटरवरचा लाल दिवा म्हणजे सजावट वाटते.

तर परवा क्लायंटसमोर माझं प्रेझेंटेशन होतं. आदल्या आठवड्यात आतल्या खोलीत मी मध्येच गोठले होते, तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला. त्याचा स्टिकर ऑफिसच्या ग्रुपवर अजून फिरतोय. म्हणून या वेळी लॅपटॉप घेऊन मी सरळ चपलांच्या कपाटाशेजारी मोड्यावर बसले. लाकडी दार वाऱ्यासाठी उघडं होतं, सेफ्टी डोअर लावलेलं. आठ-दहा चेहरे समोर, मी तिसऱ्या स्लाइडवर, आणि मागून आवाज आला.

"अगं, चपलांत का बसलीयेस?"

खालच्या मजल्यावरचे काका. बँकेतून ऑडिटला असताना रिटायर झालेले, सोसायटीचे खजिनदार. स्क्रीनच्या कोपऱ्यात माझ्या डोक्यामागे जाळीतून त्यांचा चेहरा आणि बनियन दोन्ही स्वच्छ दिसत होते. हाय डेफिनिशनमध्ये. इथे मात्र स्पीड कमी पडला नाही.

मी घाईघाईने म्यूट केलं. "काका, मीटिंग आहे. इथे नेट चांगलं येतं."

"ते नवीन घेतलंत ते? किती आहे?"

"एक जीबी."

काकांनी जाळीतून हात घालून कडी काढली. ही कडी बाहेरून कशी निघते हे बिल्डिंगमध्ये फक्त त्यांना आणि आमच्या मांजराला माहीत आहे. आत येऊन ते चपलांकडे बघत म्हणाले, "एकच?"

"हो."

"दिवसाला?"

"दिवसाला नाही काका, सेकंदाला."

"मला रोज दीड जीबी मिळतो. मोबाइलवर. तीन महिन्यांचं एकदम भरतो मी." त्यांनी खिशातून मोबाइल काढून दाखवला. "तू महिन्याला किती भरतेस?"

मी आकडा सांगितला. काका काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त खाली वाकून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटतं क्लायंटने तो आशीर्वाद समजून घेतला असावा, कारण समोर दोघंजण हसले.

इथे विषय सोडून द्यायला हवा होता हे मलाही कळतं, पण ऑडिटच्या माणसाला अर्धवट उत्तर दिलं की तो जात नाही. म्हणून सांगितलं, की काका, तुमचा दीड जीबी माझ्याकडे बारा सेकंदांत उतरेल.

"एक जीबी सेकंदाला असेल तर दीड जीबीला दीड सेकंद हवा. बारा कसे?"

"कारण तुमचा जीबी बाइटचा आणि माझा बिटचा. आठ बिट मिळून एक बाइट."

काकांचा चेहरा पालटला. तीस वर्षं ज्या क्षणासाठी त्यांनी व्हाउचरं तपासली तो क्षण चपलांच्या कपाटापाशी आला होता. "म्हणजे लिहिलंय एक, आणि देतायत एक अष्टमांश! अगं, हे वजनात मारणं झालं."

"मारणं नाही काका. हा वेग आहे. नळाला पाणी किती जोरात येतं ते वेगळं आणि दिवसाला किती येतं ते वेगळं."

"बरं. जोरात येतं," काका म्हणाले. "भरायचंय किती?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. काकांनी कपाटावरचं लाइट बिलाचं पाकीट उचललं, बनियनवर खिसा नसताना कुठूनसं पेन काढलं, आणि विचारलं, "अनलिमिटेड आहे ना?" मी म्हटलं, अनलिमिटेडच, पण महिन्याला ३,३०० जीबीनंतर स्पीड उतरतो.

"अनलिमिटेड ३,३००," असं काकांनी पाकिटावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मग गुणिले आठ. २६,४००. "इतके सेकंद चालेल. भागिले तीन हजार सहाशे... सात तास वीस मिनिटं. एक तारखेला रात्री बाराला नळ पूर्ण सोडलास तर सकाळी सात वीसला महिना खल्लास. दूधवाला येईपर्यंत. उरलेले दिवस काय करणार?"

"पूर्ण वेगाने कोण वापरतं, काका?"

"मग पूर्ण वेगाचे पैसे का भरतेस?"

समोर चॅटमध्ये कुणीतरी विचारलं होतं, हे तुमचे सासरे का. दुसऱ्याने लिहिलं होतं, त्यांना पुढची स्लाइड दाखवू देत.

काका आता उलट बाजूने आले. ३,३०० भागिले तीस, रोज ११०. टीव्हीवर अगदी फोर-के पिक्चर लावला तर तासाला किती? मी म्हटलं, सात जीबीपर्यंत. "म्हणजे रोज पावणेसोळा तास पिक्चर बघायचा. झोपायचं आठ तास. आंघोळीला पंधरा मिनिटं उरतात." त्यांनी पाकीट माझ्यासमोर धरलं. "जोरात वापरलं तर सात तासांत संपतं, हळू वापरलं तर संपतच नाही. असा हिशोब मी एकदाही पास केलेला नाही." आणि पाकीट घेऊन ते निघाले. संध्याकाळपर्यंत ते पाकीट सहाव्या मजल्यापर्यंत फिरलं होतं. लाइट बिल अजून माझ्याकडे आलेलं नाही.

चीड येते ती याची, की काकांना बिट-बाइट पटला नाही तरी हिशोब त्यांचा बरोबर आहे. फोर-के पिक्चरला १५ एमबीपीएस पुरतात. माझ्या व्हिडिओ कॉलला चार. चिरंजीवांचा गेम खेळताना एकसुद्धा लागत नाही. तिघंही एकाच वेळी बसलो तरी पंचवीसच्या आत. राहिलेले नऊशे पंच्याहत्तर राउटरच्या पोटात चपलांवर बसून असतात. आणि ते पिंग म्हणजे तर वेगळंच प्रकरण. सर्व्हर सिंगापूरला असेल तर काचेच्या तारेतून प्रकाशालाच जाऊन यायला चाळीसेक मिलिसेकंद लागतात. महिन्याचे पैसे चौपट केले म्हणून प्रकाश काही जास्त पळत नाही. चिरंजीव हरतात ते आधीसारखेच, फक्त आता दोष सर्व्हरला देतात.

खोटं कशाला बोलू, एकदा फायदा झाला. शंभर जीबीचा कुठलासा गेम त्याने उतरवला. जुन्या कनेक्शनवर सव्वादोन तास लागले असते, तो वीस मिनिटांत आला. (हिशोबाने तेरा-चौदाच लागायला हवी होती.) दोन तास वाचले. त्या दोन तासांत त्याने अभ्यास केला नाही, हे वेगळं सांगायला नको. ज्यांच्या घरी रोज व्हिडिओ एडिट करून मोठमोठ्या फायली वर चढवायच्या असतात त्यांनी जरूर घ्यावं. आमच्या घरातून वर चढतो तो फक्त सकाळचा सुविचार.

आमच्या पिढीचं खरं दुखणं वेगळं आहे. व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट आणलं, आमच्या घरी ते बऱ्याच वर्षांनी आलं, फोनच्याच लाइनवर चालणाऱ्या ५६ केबीपीएसच्या मोडेमवर (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस). चार एमबीचं एक गाणं उतरायला दहा मिनिटं, त्यात मावशीचा फोन आला की पहिल्यापासून. २००४च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे २५६ केबीपीएस असं लिहिलेलं होतं आणि तेवढं ज्याच्या घरी असेल त्याच्याकडे आम्ही मुद्दाम पाणी प्यायला जायचो. एवढं उपाशी राहिलेल्या माणसाला पुढ्यात हजार वाढले तर तो नाही म्हणत नाही. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे.

तक्रार केल्यावर टेक्निशियन आला. त्याने कपाटाजवळ उभं राहून स्वतःच्या मोबाइलवर टेस्ट लावली, ती पण कंपनीच्याच सर्व्हरवर, आणि काटा मला दाखवला. "येतोय ना मॅडम फुल?" मी त्याला आतल्या खोलीत नेलं. "भिंत आहे ना मॅडम," तो म्हणाला, जणू भिंत मी कालच बांधून घेतली. वायर टाकून दे म्हटलं तर भिंतीतल्या जुन्या वायरीला जोडून दिली. आठपैकी चारच तारा जोडलेल्या असल्यामुळे लॅपटॉपवर आले ९४. टीव्हीला वायर लावली तर टीव्हीचं पोर्टच शंभरचं. फोर-केचा टीव्ही, पाऊण लाखाचा, आणि पोर्ट शंभरचं! नवीन वायरीचे पैसे वेगळे, म्हणाला. जाताना फाइव्ह स्टार द्यायला सांगितलं. सरांच्या मोबाइलवर लिंक येईल, म्हणाला.

आणि हे सगळं नेट असतं तेव्हाचं. पावसाळ्याच्या तोंडावर रस्ता खोदला की फायबर तुटते, आणि तुटलेल्या फायबरवर हजार एमबीपीएसचा प्लॅन आणि चाळीसचा प्लॅन सारख्याच वेगाने चालतात. चॅटवरचा रोबो म्हणतो, राउटर बंद करून चालू करा. अहो, रस्त्यावर जेसीबी उभा आहे, राउटर काय करेल? वर्षभर कधी जाणार नाही असं पन्नास एमबीपीएसचं कनेक्शन कुणी विकलं तर मी त्याला जीएसटीसकट दुप्पट पैसे देईन. ते कुणी विकत नाही. वेगाचा आकडा बॅनरवर लावता येतो, न जाण्याचा कसा लावणार?

काल रात्री काका परत आले. या वेळी बेल वाजवून. "मी विचार केला. रोज ११० जीबी तुझ्याकडे येतात, पाच-दहा तुम्ही वापरता. बाकी वाया. मला दीड पुरतो. पासवर्ड दे, माझं मोबाइलचं रिचार्ज थांबवतो." आमच्या दरवाज्याच्या बरोबर खाली त्यांची खुर्ची आहे, त्यामुळे माझ्या खोलीत येतो त्यापेक्षा त्यांच्याकडे सिग्नल चांगला येतो. नाही कसं म्हणणार, खजिनदार आहेत, पार्किंगचा अर्ज त्यांच्याकडे पडून आहे. दिला.

आज सकाळी साडेसहाला बेल वाजली. "अगं, तुझं नेट गेलंय. तक्रार केलीस का? आणि हे बघ, सरांना सांग म्हणावं, तुझं ते लोक ऐकणार नाहीत."