कानस आणि काटकसर

नवरा बँकेतून निवृत्त झाला की त्याचा हिशेब घरात मुक्कामाला येतो. आमच्याकडे तो आधी गॅस सिलिंडरवर बसला, मग विजेच्या बिलावर, आणि पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यावर थेट गाडीच्या बॉनेटखाली शिरला. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणजे शंभरातले वीस बदलले तर सहा-सात टक्के फटका बसणारच. हे मी शांतपणे समजावून सांगितलं. जन्मभर हायस्कुलात विज्ञान शिकवलंय, एवढं गणित तोंडपाठ असतं. ह्यांनी मान डोलावली आणि मोबाइलवर 'प्लगला खाच मारा, ॲव्हरेज वाढवा' हा व्हिडिओ तिसऱ्यांदा लावला.

पुढच्या रविवारी पडवीत एका सुपात आमसुलं, दुसऱ्या सुपात गाडीचे चार प्लग, पेट्रोलने धुऊन उन्हात वाळत घातलेले. शेजारच्या वहिनी हळदीची पानं मागायला आल्या नि सुपाशीच थबकल्या. "ह्या काय वाळत घातलास गो?"

"ह्यांचं ॲव्हरेज," मी म्हटलं.

ज्यांनी बॉनेट कधी उघडलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. प्लग म्हणजे इंजिनातलं पेट्रोल ठिणगीने पेटवणारी काडी. त्याच्या टोकाला मधोमध एक कांडी असते आणि तिच्यावर बाजूने वाकवलेली एक पट्टी. दोहोंत एक मिलिमीटरच्या आसपास फट. तेवढ्या फटीतून ठिणगी उडवायला हजारो व्होल्ट लागतात. व्हिडिओवाल्याचं म्हणणं असं की ती पट्टी ठिणगीच्या आड येते. तिला इंग्रजी व्हीसारखी खाच मारा, फट थोडी वाढवा, ठिणगी मोकळी होईल आणि पेट्रोल 'पूर्ण' जळेल.

खाच मारायला बारीक कानस हवी. घरात ती एकच होती, माझी, नखं घासायची. जावेने मुंबईहून आणलेली. ती आता पडवीतल्या खुंटीवर असते, तिला काजळीचा वास येतो आणि तिच्याबद्दल बोललेलं ह्यांना आवडत नाही.

खाच मारून झाली. मग फट. कंपनीने ठरवलेली होती १.१ मिलिमीटर, ह्यांनी केली दीड. मग पांढऱ्या चिनीमातीवर मार्करने रेघ. पट्टीची उघडी बाजू कुठे आहे ते बाहेरून कळावं आणि प्लग आवळल्यावर ती पेट्रोल येणाऱ्या व्हॉल्व्हकडे तोंड करून बसावी म्हणून. एक प्लग भलत्याच दिशेला बसला, तेव्हा त्याखाली घालायला तांब्याच्या वायसरी आणायला हे कुडाळ बाजारात दोनदा जाऊन आले. गाडीने. एसी लावून.

"अहो, धडधाकट इंजिनात आत गेलेलं जवळजवळ सगळं पेट्रोल जळतंच," मी म्हटलं. "वाया जाते ती उष्णता. रेडिएटरमधून जाते, सायलेन्सरमधून जाते. तिथे प्लग काय करणार? चूल पेटली की काडी कुठल्या पेटीतली होती ते भाताला कळत नाही."

"म्हैसूरच्या सोमेंदर सिंगांना अमेरिकेने खाचांचं पेटंट दिलंय, २००१ साली," हे म्हणाले. गोष्ट खरी आहे, पण त्या खाचा इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात असतात, हवा घुसळली जावी म्हणून. प्लगला नव्हेत. मी तेही सांगितलं. "खाच ती खाच," हे म्हणाले. बँकेत कर्जाचे अर्ज ह्यांनी कसे तपासले असतील ही शंका मला तेव्हा पहिल्यांदा आली. बॉशच्या गॉटलोब होनोल्डने १९०२ मध्ये मॅग्नेटोवर, म्हणजे ठिणगीसाठी हजारो व्होल्टची वीज तयार करणाऱ्या यंत्रावर चालणारा प्लग केला. तेव्हापासून शंभर वर्षं जगभरचे इंजिनिअर त्या एका मिलिमीटरवर डोकं खपवतायत. त्यांच्यापैकी कोणाच्या बायकोकडे कानस नसेल?

आणि खरी शिक्षा पुढेच होती, कारण ॲव्हरेज वाढलं! चौदावरून साडेपंधरा. हे गावभर सांगत सुटले. मी वहीत बघितलं (ह्यांची वही असतेच). ज्या दिवशी प्लग बसवले त्याच दिवशी एअर फिल्टर झाडला होता, टायरमध्ये हवा भरली होती, एसी कायमचा बंद केला होता आणि साठच्या वर जायचं नाही असं व्रत घेतलं होतं. एका वेळी पाच गोष्टी बदलायच्या आणि श्रेय एकीला द्यायचं! आठवीतल्या पोराने प्रयोगवहीत असं लिहिलं असतं तर लाल शाईने पान भरलं असतं मी.

मे महिन्यात एसीशिवाय मालवणहून कुडाळला येऊन बघा. मागच्या सीटवर बांगड्यांची पिशवी, काचा खाली, मानेवरून घाम, तोंडात धूळ. त्यात उतार दिसला की हे गाडी न्यूट्रलला टाकणार. आजकालच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल आपोआप बंद होतं. न्यूट्रलला टाकलं की उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. सांगितलं. "तू बांगडे सांभाळ," असं उत्तर मिळालं.

मग माझ्या भाचीचं लग्न आलं, आजऱ्याला. गाडीत आम्ही दोघं, अठ्ठ्याहत्तर वर्षांची मावशी, हापूसच्या पेट्या, एक कापा फणस आणि मावशीची वळकटी, कारण "लोकांच्या गादयेर माका झोप येयना नाय." सावंतवाडीपर्यंत गाडी सुरेख गेली. हे स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून होते. आंबोलीचा घाट लागला, ह्यांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीने पहिला गचका दिला.

ह्यात गूढ काही नाही. सपाटीला गाडी आरामात चालते तेव्हा सिलिंडरमध्ये दाब कमी असतो, दीड मिलिमीटरची फटही ठिणगी कशीबशी ओलांडते. चढावर, भरल्या गाडीत, ॲक्सिलरेटर दाबून धरला की आतली हवा दाट होते आणि तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. ते व्होल्ट पुरवणारी कॉइल कमी पडते आणि ठिणगी पडतच नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं. न वापरलेला ऑक्सिजनही जातो, आणि तो बघून सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो की पेट्रोल कमी पडतंय, आणखी सोडा. म्हणजे काटकसरीच्या त्या खाचेपायी आम्ही घाटभर पेट्रोल सांडत चाललो होतो. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

"काहीतरी कचरा आला असेल पेट्रोलात," हे म्हणाले.

गचका. पेट्या सरकल्या, फणस मावशीच्या पायावर.

"गो बाय, माका हयच उतरव," मावशी म्हणाली. "मी चलत येतंय."

मागून ट्रकचे हॉर्न, पुढे वळण, आणि आमची गाडी पहिल्या गिअरमध्ये. तरी पोचलो आंबोलीला. तिथल्या गॅरेजवाल्या पोराने एक प्लग काढला, उजेडात धरला, खाचेवरून अंगठा फिरवला. मग मार्करची रेघ बघितली. मग ह्यांच्याकडे.

"ह्या कोणी केला?"

हे आंबोलीच्या हवेबद्दल बोलायला लागले.

"नवीन प्लग सावंतवाडीसून मागवूक होये. फाल्यां गावतले." मुहूर्त दुपारी होता. गाडी तिथेच सोडली आणि पेट्या, फणस, वळकटीसकट आम्ही एसटीत चढलो. कंडक्टरने तिकिटं फाडली. मावशी पंचाहत्तरीपुढची, तिला फुकट. मी बाई, मला अर्धं. हे बासष्टचे, पूर्ण. तिकीट हातात धरून ते बराच वेळ बघत होते.

जरा वेळाने पेटीवरून ओलांडून ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. गिअर बदलताना बघत राहिले, आणि न राहवून विचारलंच, "चढाला छान ओढते हो. प्लगचा गॅप किती ठेवता?"

ड्रायव्हरने आरशातून ह्यांच्याकडे बघितलं. "काका, डिझेल गाडी आसा ही. डिझेलाक खयचो स्पार्क प्लग?"