पुढे अजून दोन रॅम टाकू, हे विसरा
घरी पीसी जोडण्यावरच्या लेखात ‘आत्ता रॅमच्या दोन स्टिक घ्या, पुढे अजून दोन टाका’ असं म्हटलंय. डीडीआर४ या रॅमच्या आधीच्या पिढीला ते बऱ्यापैकी खपून जायचं, नव्या डीडीआर५ला नाही. एएमडीच्या रायझन ९००० मालिकेतल्या प्रोसेसरवर दोन स्टिकना अधिकृत वेग ५६०० (मेगाट्रान्स्फर दर सेकंदाला), चारही स्लॉट भरले की थेट ३६००! म्हणजे पैसे जास्त आणि रॅम हळू. ३२ जीबी हवी असेल तर सुरुवातीलाच १६च्या दोन घ्या.

आणि हो, नवा पीसी पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. मदरबोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. मी घाबरून दोनदा बटण दाबून बंद केलं, दोन्ही वेळा सगळं पहिल्यापासून. तिसऱ्यांदा हाताची घडी घालून बसलो, तेव्हा कुठे बायोस (मदरबोर्डची सेटिंगची स्क्रीन) दिसलं.